किल्लारीचा धसका : मराठवाड्यातील मानसिक आघात आणि उपचारांची वाटचाल

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हादरली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. गणपती बोळवून उशिरा घरी आलेली माणसे गाढ झोपेत होती. भूकंपाची तीव्रता ६.२ होती आणि केंद्र जमिनीखाली फारसे खोल नव्हते. तेरणेच्या खोऱ्यातली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी ही गावे काही सेकंदांत दगडमातीचे ढीग झाली. सरकारी नोंदीप्रमाणे जवळपास ८ हजार माणसे गेली. इतर अंदाज १० हजारांच्या घरात जातात. ५२ गावे इतकी उद्ध्वस्त झाली, की ती जुन्या जागेवर पुन्हा वसवण्याऐवजी नव्या जागी हलवावी लागली.

भीती मात्र या गावांपुरती राहिली नाही. बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातले सिरसाळा किल्लारीपासून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर उत्तरेला आहे. त्या भागातली जुनी घरेही किल्लारीतल्या घरांच्याच पद्धतीची होती : जाड दगडी भिंती, मातीने भरलेले सांधे, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षिततेची खूण मानले जात होते. किल्लारीत तेच घर माणसांच्या अंगावर कोसळले. ‘माळवदाखाली झोपायचे कसे?’ हा प्रश्न त्यानंतर मराठवाड्यातल्या असंख्य कुटुंबांना पडला. भूकंपाने झालेली पडझड मोजता आली. मनात बसलेला धसका मोजायला आणि त्यावर इलाज उभा करायला मात्र बराच काळ जावा लागला.

भूकंपाआधीचे वर्ष

किल्लारीचा भूकंप पूर्णपणे अचानक आला नव्हता. १९९२ च्या ऑक्टोबरपासून त्या परिसरात लहान लहान धक्के बसत होते. जमिनीतून गडगडाट ऐकू येई, भांडी वाजत, भिंतींना तडे जात. सुरुवातीला लोक घराबाहेर झोपले, काहींनी गाव सोडले, प्रशासनाकडे तक्रारी झाल्या. पण हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात होता. धक्के हळूहळू कमी झाले, शेतीची कामे अंगावर आली आणि माणसे परत माळवदाखाली झोपू लागली.

मनाच्या दृष्टीने या तपशिलाला फार महत्त्व आहे. संकटाची चाहूल लागूनही ते टळले नाही, तेव्हा वाचलेल्या माणसाच्या मनात दुःखाच्या जोडीला अपराधीपणा शिरतो. ‘त्या रात्री लेकरांना अंगणात झोपवले असते तर’ हा विचार पुन्हा पुन्हा येतो. आघातानंतरच्या आजारात असे विचार माणसाला वर्षानुवर्षे जागच्या जागी खिळवून ठेवतात. पुढे दिसेल त्याप्रमाणे, आधुनिक उपचारांचा मोठा भाग याच विचारांवर काम करतो.

मोडलेला दुखवटा

मृत्यूनंतर काय करायचे, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाला ठाऊक असते. शेजारी चूल पेटवू देत नाहीत, घरून भाकरी येते, सोयरेधायरे भेटायला येतात, दहावा आणि तेरावा होतो. बायका गळ्यात पडून रडतात, गेलेल्या माणसाच्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. दुखवट्याची ही रीत म्हणजे शोकाला दिलेला आकार आहे. रडायला वेळ ठरलेली, सोबत ठरलेली आणि दुःखातून व्यवहारात परतण्याचा दिवसही ठरलेला.

किल्लारी परिसरात हा आकारच मोडला. भाकरी आणणारा शेजारीही गेला होता किंवा ढिगाऱ्यापुढे बसला होता. पावसाने मदतकार्यात अडथळा येत होता, मृतदेहांची संख्या मोठी होती आणि रोगराईची भीती होती. त्यामुळे सामूहिक दहन करावे लागले. अनेकांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शन झाले नाही, विधी तर दूरच राहिले. पुढे २०२० आणि २०२१ च्या कोरोनाकाळातही महाराष्ट्रातल्या हजारो घरांनी हेच अनुभवले. जेव्हा निरोप घेता येत नाही, तेव्हा मृत्यूची बातमी कानाला कळते, पण मनाला ती पटायला फार वेळ लागतो.

पहिल्या काही दिवसांत देशभरातून अन्न, कपडे, तंबू आणि औषधे आली. लष्कराने ढिगारे उपसले, डॉक्टरांच्या तुकड्या आल्या, मोडलेली हाडे जोडली गेली. मदत छावण्यांत दुसऱ्या तऱ्हेचे रुग्ण त्यानंतर दिसू लागले. ट्रक जवळून गेला तरी उठून पळणारे, पहाटे चारच्या सुमारास दचकून जागे होणारे, अन्न समोर असून न जेवणारे, दिवसभर एकाच जागी बसणारे, अंग दुखते म्हणून रोज दवाखान्यात येणारे पण तपासणीत काहीच न सापडणारे. भूकंपानंतरचे छोटे धक्के अनेक महिने चालू होते आणि प्रत्येक धक्क्यासरशी ती पहाट परत येत होती.

धसका म्हणजे नेमके काय

मराठीत या अवस्थेसाठी जुने आणि नेमके शब्द आहेत. ‘धसका बसणे’, ‘हाय खाणे’, ‘काळजात भीती भरणे’. वैद्यकशास्त्राला मात्र या अवस्थेला नाव द्यायला शंभरहून अधिक वर्षे लागली. १९ व्या शतकात युरोपातल्या रेल्वे अपघातांतून वाचलेल्यांना शरीराला फारशी इजा नसतानाही कंप, निद्रानाश आणि भीती यांचा त्रास होई. डॉक्टरांनी तो मणक्याला बसलेल्या हादऱ्यावर ढकलला. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांचे हात थरथरत, वाचा जाई. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली ‘शेल शॉक’ या नावाने अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळात अशा अनेक सैनिकांवर भित्रेपणाचा शिक्का बसला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या चळवळींनंतर १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसॉर्डर’, म्हणजे आघातपश्चात तणाव विकार, हे निदान समाविष्ट केले. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हे निदान अवघे १३ वर्षांचे होते.

या विकाराची लक्षणे ढोबळमानाने चार गटांत मांडली जातात. पहिल्या गटात घटना परत परत भोगणे येते : स्वप्ने, डोळ्यांपुढे अचानक उभी राहणारी दृश्ये, वास किंवा आवाजासरशी अंगाला सुटणारा कंप. दुसऱ्यात टाळणे : त्या जागेकडे न फिरकणे, त्या विषयावर न बोलणे. तिसऱ्यात विचार आणि भावना काळवंडणे : ‘माझ्यामुळेच झाले’, ‘आता जगात काहीच भरवशाचे नाही’, माया आटून गेल्यासारखे वाटणे. चौथ्यात सततचा सावधपणा : झोप न लागणे, लहानसहान आवाजाने दचकणे, चिडचिड. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली, तर तो आजार समजला जातो. त्याआधीची अस्वस्थता ही भयंकर घटनेला मनाने दिलेली स्वाभाविक प्रतिक्रिया असते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती वेळ आणि सोबतीने ओसरते.

मेंदूच्या पातळीवर याचे स्पष्टीकरण असे दिले जाते. धोका ओळखणारा अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग संकटाच्या क्षणी सर्व शरीराला इशारा देतो. घटनेला काळ आणि स्थळ जोडून तिची आठवण नीट लावून ठेवण्याचे काम हिप्पोकॅम्पस करतो. आघात फार मोठा असला, की आठवणीची अशी नीट मांडणी होत नाही. आवाज, धूळ, अंधार, किंकाळ्या असे तिचे सुटे तुकडे राहतात आणि त्यांच्यावर ‘हे होऊन गेले’ अशी खूण पडत नाही. म्हणून मालमोटारीचा गडगडाट ऐकताच शरीर १९९३ च्या पहाटेत जाते. दचकणाऱ्या माणसाला ‘मन घट्ट कर’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण इशाऱ्याची ही घंटा त्याच्या इच्छेने वाजत नसते.

मोजमापाचे पहिले प्रयत्न

१९९३ साली मराठवाड्यात मानसिक आरोग्याच्या सोयी तुटपुंज्या होत्या. राज्यातली चार मोठी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे होती. मराठवाड्यात एकही नव्हते. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून ग्रामीण रुग्णांचा मोठा आधार होते, पण गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मनाच्या आजारासाठी वेगळी व्यवस्था नव्हती. ‘वेड’ आणि ‘बाधा’ या दोन शब्दांच्या मधे असलेल्या सगळ्या त्रासाला नावही नव्हते.

पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने या परिस्थितीत भूकंपग्रस्त भागात काम हाती घेतले. मनोविकारतज्ज्ञ आणि नाट्य-चित्रपट अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रकल्पातून भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या गरजा आणि त्या भागवण्याच्या पद्धती यांचा अभ्यास झाला. आपत्तीनंतर कोणाला मदत लागते आणि ती कोणाच्या हातून पोचवायची, हे दोन्ही प्रश्न त्यात एकत्र विचारले गेले होते. १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री’ या नियतकालिकात भूकंपातून वाचलेल्यांच्या एका लहान गटाचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसांत निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला. त्यांत आघातपश्चात तणाव विकार आणि नैराश्य हे प्रमुख होते. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर आपत्तीग्रस्तांच्या मनाकडे वैद्यकीय दृष्टीने पाहण्याची सुरुवात देशात झाली होती. किल्लारीने ती दृष्टी ग्रामीण महाराष्ट्रात आणली.

घरे, मुले आणि बायका

उपचारतज्ज्ञांच्या बरोबरीने पुनर्वसनानेही मनावर परिणाम केला, कधी चांगला आणि कधी वाईट. जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि १३ जिल्ह्यांतल्या लाखो घरांच्या दुरुस्ती-बळकटीचे काम झाले. लोकांना दगडाची इतकी दहशत बसली होती, की बहुतेकांनी सिमेंटची घरे मागितली. नवी गावे सरळ रस्त्यांच्या चौकोनी आखणीवर बांधली गेली. घरे मजबूत झाली, पण जुन्या गावातली आळी, भावकीची दाटी, ओट्यावर बसून होणाऱ्या गप्पा विखुरल्या. ज्या शेजाराने दुःख वाटून घ्यायचे, तो चार गल्ल्या पलीकडे गेला.

मुलांसाठी दोन मोठे प्रयत्न झाले. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्याला नेले आणि वाघोलीच्या संकुलात त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने ‘आपलं घर’ हा प्रकल्प अनाथ मुलांसाठी उभा राहिला. या दोन्ही ठिकाणी मुलांना जे मिळाले, ते आघातानंतरच्या उपचाराचे पहिले तत्त्व आहे : ठरलेला दिनक्रम, वेळेवर जेवण, तीच माणसे रोज दिसणे आणि उद्या काय होणार याची खात्री. आघाताने जगावरचा भरवसा तुटलेला असतो. मुलाला समजावून तो परत येत नाही. रोज सकाळी ठरल्या वेळी वाजणाऱ्या शाळेच्या घंटेने तो हळूहळू येतो.

स्त्रियांच्या बाबतीत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली, महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. घरदुरुस्तीची माहिती लोकांपर्यंत नेणे, अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोचवणे, बांधकामावर लक्ष ठेवणे अशी कामे त्यांनी केली. हे काम घरबांधणीचे होते, तरी त्याचा परिणाम मनावरही झाला. ज्या बाईचे सर्वस्व एका पहाटे तिच्या हातून निसटले, तिच्या हातात पुन्हा काही ठरवण्याची सत्ता आली. असहायतेचा उतारा करण्यात स्वतःच्या हाताने घडवलेल्या गोष्टीचा वाटा मोठा असतो.

औषध, धीर आणि उपचारपद्धती

किल्लारीच्या काळात जगभरातल्या आपत्तीस्थळी एक पद्धत लोकप्रिय होती. वाचलेल्या माणसांना लगेच एकत्र बसवायचे आणि घडलेले सर्व सविस्तर बोलायला लावायचे. मन मोकळे झाले की आजार टळेल, अशी त्यामागची समजूत. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. एकाच बैठकीतल्या अशा सक्तीच्या कथनाने आजार टळत नाही आणि काहींचा त्रास वाढतोही. त्यामुळे आता पहिल्या दिवसांत ‘मानसिक प्रथमोपचार’ सुचवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे ही त्याची तीन कामे. माणूस सुरक्षित आहे का, भुकेला आहे का, त्याचे कोण हरवले आहे, हे पाहायचे. तो सांगेल तेवढे ऐकायचे. आणि त्याला नातेवाईक, निवारा, दवाखाना यांच्याशी जोडून द्यायचे. कोणालाही बोलायची सक्ती करायची नाही.

ज्यांचा त्रास महिन्या-दोन महिन्यांनंतरही ओसरत नाही, त्यांच्यासाठी रचनाबद्ध मानसोपचार आहेत. त्यांची मुळे जुनी आहेत. फ्रेंच तज्ज्ञ पिएर जाने यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस टप्प्याटप्प्याने उपचार करण्याचा विचार मांडला होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली तो नव्याने मांडला : आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि शेवटी माणसांत परतणे. एड्ना फोआ यांनी आठवणीला क्रमाने सामोरे जाण्याची पद्धत विकसित केली. पॅट्रिशिया रेसिक यांनी आघातातून आलेल्या चुकीच्या निष्कर्षांवर काम करणारी १२ बैठकांची पद्धत घडवली. फ्रान्सिन शॅपिरो यांनी १९८७ पासून डोळ्यांच्या हालचालींच्या आधारे आठवणीवर काम करणारी पद्धत विकसित केली. मुलांसाठी पालकांना सोबत घेऊन चालणारी, खेळ आणि चित्रे यांचा उपयोग करणारी स्वतंत्र पद्धत आहे.

यांतल्या बहुतेक पद्धतींत क्रम थोड्याफार फरकाने सारखा असतो. समजा, सिरसाळ्याजवळच्या एखाद्या वस्तीवर राहणाऱ्या बाईचा नवरा कर्जाच्या ओझ्याखाली आत्महत्या करून गेला. वर्ष उलटले तरी तिला त्या दुपारची दृश्ये दिसतात, शेताकडे पाय वळत नाही, ‘मी त्या दिवशी भांडले म्हणून हे झाले’ हा विचार सुटत नाही. तिच्यावरचे उपचार साधारण पुढील क्रमाने होतात.

पहिल्या बैठकांत तज्ज्ञ त्रासाची नोंद घेतो. झोप, भूक, जीव नकोसा वाटणे, घरातला आधार, सावकाराचा तगादा, सासरची वागणूक या सर्व गोष्टी विचारल्या जातात. घरात मारहाण चालू असेल किंवा रोजच्या जेवणाची भ्रांत असेल, तर आठवणींच्या कामाआधी त्याची सोय लावावी लागते. असुरक्षित घरात राहणाऱ्या माणसाचा सावधपणा हा आजार नसतो, ती गरज असते.

दुसऱ्या टप्प्यात तिला आणि घरच्यांना आजार समजावून सांगितला जातो. आपण वेडे होत नाही आहोत, बाहेरची बाधा नाही, हे शरीर आणि मेंदू यांचे ओळखीचे वागणे आहे, एवढे कळल्यानेच अनेकांना पहिला दिलासा मिळतो. सोबत शरीर शांत करण्याची साधने शिकवली जातात : श्वास हळू सोडणे, दृश्य दिसू लागताच पायाखालची जमीन जाणवून घेणे, आसपासच्या पाच वस्तूंची नावे घेणे. मन आजच्या तारखेला परत आणण्याचे हे साधन आहे.

तिसरा टप्पा आठवणीचा. ती दुपार पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिच्या वेगाने, सुरक्षित खोलीत सांगितली जाते, एकदा आणि मग पुन्हा. प्रत्येक वेळी सुट्या तुकड्यांना क्रम येतो. आधी काय, मग काय, आणि नंतर काय हे लागते. भीती वर चढते, पण पळून न जाता थांबले की ती उतरते, हे शरीर अनुभवाने शिकते. याच काळात ‘माझ्यामुळे झाले’ हा विचार तपासला जातो. त्या दिवशी तिला काय ठाऊक होते, कर्ज किती वर्षांचे होते, पाऊस किती वर्षे रुसला होता, नवऱ्याच्या उदासीची लक्षणे ओळखायला तिला कोणी शिकवले होते का, अशा प्रश्नांतून दोषाचा भार एका भांडणावरून उतरतो. शोक उरतो, पण तो शोक असतो, शिक्षा नसते.

चौथ्या टप्प्यात टाळलेल्या जागांकडे पावले वळवली जातात. आधी बांधापर्यंत, मग विहिरीपर्यंत, मग शेतातल्या कामापर्यंत. त्याबरोबर बाजार, हळदीकुंकू, बचत गटाची बैठक या ठिकाणी जाणे परत सुरू होते. शेवटच्या बैठकांत वर्षश्राद्धाच्या किंवा पेरणीच्या दिवसांत त्रास पुन्हा डोके वर काढेल, तेव्हा काय करायचे हे ठरवले जाते. असे उपचार साधारणपणे ८ ते १६ बैठकांचे असतात. नैराश्य खोल असेल किंवा झोप पूर्ण उडाली असेल, तर मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. लहानपणापासून वारंवार अत्याचार भोगलेल्यांच्या गुंतागुंतीच्या आघातासाठी सुरक्षिततेचा टप्पा लांबवावा लागतो आणि उपचाराला बराच अधिक काळ लागतो.

धीर देणे आणि उपचार करणे यांतला फरक इथे आहे. ‘होईल सगळे ठीक’ असे मायेने सांगणारे माणूस हवेच असते. पण उपचाराला क्रम असतो, प्रत्येक पायरीचे कारण असते, प्रगती मोजली जाते आणि शेवट ठरलेला असतो. सुटी पडलेली आठवण जागेवर लावायची तर हा क्रम लागतो.

किल्लारीनंतरची तीन दशके

देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला होता. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यातल्या प्रयोगावरून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये निघाला आणि पुढे महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत पसरला. १९९९ चे ओडिशातील चक्रीवादळ, २००१ चा कच्छचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांत बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना मनोसामाजिक मदतीचे प्रशिक्षण दिले. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आला आणि २००९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतल्या मनोसामाजिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. किल्लारीत जे काम थोड्या लोकांच्या पुढाकारावर चालले, ते आता नियोजनाचा भाग ठरले.

मराठवाड्यावरचा पुढचा मोठा आघात भूकंपासारखा एका क्षणाचा नव्हता. २०१२ नंतरच्या दुष्काळांनी विहिरी आटल्या. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. बीड जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या आकडेवारीत वारंवार वरच्या बाजूला दिसू लागला. याच जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे जातात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून ओळखली जाते; ती फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, सहा महिने काढते. मुले सोबत तरी जातात किंवा आजी-आजोबांकडे राहतात. अपघात, आजारपण, कोपीतल्या असुरक्षिततेत झालेला अत्याचार यांचे घाव गावी परतल्यावरही बोलले जात नाहीत.

२०१५ साली राज्य शासनाने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. बीड त्यांपैकी एक. या योजनेत आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्नावलीच्या आधारे शेतकरी कुटुंबांतला तणाव ओळखतात. सौम्य त्रासाला समुपदेशन आणि तीव्र त्रासाला जिल्ह्यातल्या मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्ता यांच्या पथकाकडे पाठवणे, अशी तिची साखळी आहे. १०४ या क्रमांकावर सल्ल्याची सोय जोडली गेली. आशाताई ही गावचीच सून किंवा लेक असते. कोणाच्या घरी जेवण बनले नाही, कोण शेताकडे जायचे थांबले, कोणाची दारूची वेळ संध्याकाळवरून सकाळवर आली, हे तिला कोणत्याही प्रश्नावलीच्या आधी कळते.

कायद्यातही बदल झाला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ पासून अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानून तिला शिक्षेऐवजी उपचार आणि पुनर्वसन द्यावे, हे त्याने मान्य केले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतून, विनामूल्य बोलता येते. जवळ तज्ज्ञ नसलेल्या गावासाठी ती पहिली पायरी आहे.

तरीही अंतर मोठे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक विकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत लोकांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. सिरसाळ्यासारख्या परळी-बीड रस्त्यावरच्या मोठ्या गावातूनही बैठकांसाठी अंबाजोगाईला किंवा बीडला जायचे, तर एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते आणि भाड्याचे पैसे लागतात. १२ बैठकांचा उपचार म्हणजे १२ बुडालेले दिवस. बरेच लोक पहिल्या-दुसऱ्या फेरीनंतर येणे थांबवतात, आणि अर्ध्यावर सुटलेल्या उपचाराला ‘गुण आला नाही’ असे म्हटले जाते. म्हणून उपचाराची रचना गावाच्या रचनेत बसवणे, म्हणजे ऊसतोडीच्या मोसमाआधी बैठका पूर्ण करणे, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या वारी समुपदेशक येणे, मधल्या बैठका फोनवर घेणे आणि आशाताईने पाठपुरावा ठेवणे, हे उपचारपद्धतीइतकेच महत्त्वाचे ठरते.

भूकंपाला तीन दशके होऊन गेली. जी मुले १९९३ साली अंगणातून उचलून छावणीत नेली गेली, ती आज स्वतः आईबाप आहेत. त्यांतल्या अनेकांना पहाटेच्या गडगडाटाने अजूनही जाग येते, पण जाग आल्यावर कूस बदलून पुन्हा झोपता येते. आघातातून सावरणे म्हणजे हेच. ती पहाट विसरली जात नाही. ती १९९३ सालीच राहते आणि आजच्या दिवसाला आपला दिनक्रम चालू ठेवू देते.